किडनी नवी, वाट जुनी

मूत्रपिंडारोपण झालेला रुग्ण तपासायला आला, की ‘लघवीची धार कशी आहे?’ हे मी आधी विचारतो. घरच्यांना प्रश्न क्षुल्लक वाटतो; पण आईने, भावाने दिलेली किडनी टिकणे त्यावर अवलंबून असते.

नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात आणि तिची नळी रुग्णाच्याच मूत्राशयाला जोडतात. म्हणजे किडनी नवी, पण लघवी बाहेर जाण्याची वाट जुनीच! पूर्वीची इजा, जंतुसंसर्ग किंवा घातलेली नळी यांमुळे मूत्रमार्ग आकसतो. डायलिसिसवरील अनेकांना लघवी फार थोडी होत असल्याने हा दोष लपून राहतो. म्हणून बारीक धारेचा जुना त्रास आरोपणापूर्वीच डॉक्टरांना सांगावा.

लघवी तुंबली की दाब उलटा किडनीवर येतो. किडनी शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, त्यामुळे जंतुसंसर्ग बळावतो. शिवाय आरोपणात किडनीचे मज्जातंतू तुटतात. ती फुगली तरी दुखेलच असे नाही. दुखत नाही म्हणून थांबू नये. धार बारीक होणे, कुथावे लागणे, थेंब थेंब गळणे, लघवी कमी होणे, ताप येणे, यांपैकी काहीही दिसताच सोनोग्राफी व रक्तातील क्रिएटिनिन तपासावे.

लघवी अडल्यास जोर लावून नळी घालून घेऊ नये. मार्ग आतून फाटतो. अशा वेळी सोनोग्राफीत पाहून, नव्या किडनीला धक्का न लावता, ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी बसवतात. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली असावी, नळीला पीळ पडू देऊ नये, नळी हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

ही सोय तात्पुरती. आखूड अडथळा दुर्बिणीतून कापतात, पण तो पुन्हा होऊ शकतो. लांब अडथळ्यासाठी गालाच्या आतले अस्तर लावून मार्ग रुंद करतात. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवून दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती परदेशांतही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

जामखेड-पाथर्डीहून पुण्याची खेप खर्चाची आहे, हे मी जाणतो. पण वाचकहो, आरोपण केलेल्या डॉक्टरांना आधी फोन करा, कागदपत्रे जवळ ठेवा आणि मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका किंवा चालू औषधे थांबवू नका. वेळीच मोकळी केलेली वाट किडनी वाचवते.