मोटारीच्या आरशाची काच : काढावी कशी, बसवावी कशी?



गळीत हंगामात कारखान्याचा रस्ता अरुंद होतो. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस मोटारीच्या बाजूच्या आरशाला घासतो आणि काच तडकते. "दिसतंय तेवढं बास" म्हणून आपण गाडी तशीच हाकतो. पण शेताच्या वाटेला वळताना मागून आलेला मोटारसायकलवाला त्या आरशात दिसत नाही. म्हणून हा छोटा पाठ.

बटणावर फिरणाऱ्या आरशाची काच प्लॅस्टिकच्या तबकडीवर चिकटवलेली असते. बहुतेक गाड्यांत ही तबकडी आतल्या मोटरीवर क्लिपांनी दाबून बसवलेली असते. म्हणजे काच निघते ओढून आणि बसते दाबून. काही गाड्यांत मात्र तारेची कडी किंवा स्क्रू असतो. तेव्हा गाडीची माहितीपुस्तिका आधी पाहावी.

काढताना :

१) हातमोजे व चष्मा घालावा. काचेवर आडवी-उभी चिकटपट्टी लावावी, म्हणजे तुकडे उडत नाहीत.

२) बटण दाबून काच पूर्ण वरच्या दिशेला वळवावी. वरची कड आत जाते, खालची बाहेर येते. मग चावी बंद करावी.

३) खालच्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी घालून तबकडी हळूहळू सैल करावी. थंडीत प्लॅस्टिक कडक होते. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने आधी शेकावे.

४) काच सुटली की एकदम ओढू नये. काही आरशांना मागे तारा असतात. टोकाला धरून त्या सोडवाव्यात, तार ओढू नये.

गेल्या हंगामात आम्हीच घाई केली. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला, बोट कापून घेतले आणि क्लिपा मोडल्या त्या वेगळ्याच! शंभराचं काम हजारावर गेलं.

बसवताना :

१) नवी काच गाडीचे मॉडेल, वर्ष आणि डावी-उजवी बाजू सांगून तबकडीसह घ्यावी. जुन्या काचेला तारा असतील, तर नवीही तशीच हवी.

२) मोटरीचा भाग हाताने हलकेच सरळ करावा. तारा जोडाव्यात, क्लिपा समोरासमोर आणाव्यात.

३) फडके ठेवून तळहाताने मधोमध दाबावे. 'टक्' असा आवाज येईल. कोपऱ्यावर जोर दिला तर नवी काचही जाईल.

४) बटणाने चारी दिशांना फिरवून पाहावे व काच हलत नाही ना, याची खात्री करावी.

काही जण साधी सपाट काच कापून चिकटवतात. बाहेरची काच बहुधा फुगीर असते, म्हणून तीत रस्ता जास्त मावतो. सपाट काचेत तो कमी दिसतो. मात्र फुगीर काचेत मागचे वाहन असते त्याहून लांब वाटते, हेही ध्यानात असू द्यावे.

काच नीट बसूनही आरसा फिरत नसेल, तर फ्यूज, तारा किंवा मोटर तपासावी लागेल. ते काम मिस्त्रीकडे द्यावे. बाकी अर्ध्या तासाचं काम आहे. ट्रॉल्यांच्या रांगेत शिरण्याआधी ते उरकून घ्यावे, ही विनंती.