आतलं अस्तर, बाहेरचा टाका

लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत टाक्यांच्या दुरुस्तीची कामं करताना एक गोष्ट वारंवार दिसते. टाकी गळू लागली की आधी पत्र्याला दोष दिला जातो. मला ज्या टाकीने सगळ्यात जास्त शिकवलं, तिचा पत्रा मुळात चांगला होता.

ती ईटीपीमधली, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातली, न्यूट्रलायझेशनची टाकी होती. माइल्ड स्टीलची, आतून नैसर्गिक रबराचं अस्तर. गंधकाम्लाचं सांडपाणी आणि चुन्याची स्लरी तिथे एकत्र येते, जिप्समचे कण तयार होतात, चुन्यातली कच सोबत असतेच, आणि अॅजिटेटर हे सगळं भिंतीवर घासत राहतो. अशा घर्षणाला मऊ रबर उत्तम. कण आदळला की ते दबतं आणि पूर्ववत होतं. म्हणून तळाशी, जिथे झीज सर्वांत जास्त व्हायला हवी, तिथलं अस्तर ठणठणीत होतं. सुटलं होतं ते वर, पाण्याच्या पातळीच्या पट्ट्यात. सांडपाण्यातून अधूनमधून टोल्युइन येत असे. ते पाण्यापेक्षा हलकं, वर तरंगतं, आणि नैसर्गिक रबर त्यात फुगतं. मागणीपत्रात मात्र फक्त पीएच आणि तापमान लिहिलेलं होतं.

तेव्हापासून अस्तराचं नाव काढण्याआधी मी टाकीत वर्षभरात काय काय येतं ते विचारतो: क्लोराइड किती, सॉल्व्हंट किंवा तेल येतं का, कण केवढे, सफाईला काय वापरता. रोजचं नव्हे, सर्वांत वाईट दिवसाचं उत्तर हवं.

त्याच टाकीला दुसरी जखम बाहेरून झाली होती. केबल ट्रेसाठी नंतर कुणीतरी बाहेरच्या अंगाला ब्रॅकेट वेल्ड केला होता. बाहेर छोटासा टाका, पण आत तेवढ्या भागात रबर करपून पत्र्यापासून सुटलं, आणि आम्ल थेट पोलादाला भिडलं. ब्रॅकेट, नोझल, लग सगळं अस्तराआधीच लावून घ्या. नंतर टाकीवर ‘वेल्डिंग करू नये’ असं मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत लिहा. आतले जोडही सलग हवेत, घासून सपाट केलेले. जोडातल्या छिद्रात अडकलेली हवा रबर शिजवताना फुगते आणि तिथेच फोड येतो.

अशा अनुभवानंतर बरेच जण ‘सरळ 316 एल लावा’ म्हणतात. क्लोराइड असेल तर मी नको म्हणतो. स्टेनलेसला वाचवतो तो त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर. कण तो खरवडत राहतात, क्लोराइड तिथे खड्डे पाडतं. 2205 डुप्लेक्स बरंच तग धरतं, पण वेल्डिंग नीट असेल तरच: 2209 ची फिलर, दोन पासमधलं तापमान 150 अंशांच्या आत, आणि जोडाशेजारचा निळा-तपकिरी डाग पिकलिंगने पूर्ण काढलेला. तो डाग ठेवला तर गंज तिथूनच सुरू होतो. क्रोमियम कार्बाइडच्या हार्डफेसिंगचा मोहही टाळा. त्या थराला बारीक भेगा असतातच. कोरड्या मालाला चालतं, आम्लाला त्या भेगा म्हणजे वाट.

कोकणात रबराचं काम पावसाळ्यात काढू नका. ब्लास्टिंग केलेलं पोलाद दमट हवेत काही तासांत लालसर होतं आणि त्यावर रबर धरत नाही. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश गरम हवा. डिसेंबर ते मार्च मला सोयीचे वाटतात. टाकी ताब्यात घेताना अस्तरातली छिद्रं दाखवणारी स्पार्क टेस्ट स्वतः उभं राहून पाहा, विशेषतः कोपरे आणि नोझलच्या गळ्याशी.

आणि माणसं. रबर चिकटवायच्या सोल्युशनची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. पेट घेते, शुद्धही हरपते. ब्लोअर, ठिणगी न पाडणारे दिवे, मॅनहोलपाशी सतत उभा एक माणूस, आणि आतल्याच्या अंगावर हार्नेस व दोर. आत कुणी कोसळला तर बाहेरच्याने मागोमाग उतरायचं नाही, दोराने ओढायचं. हे काम सुरू होण्याआधी प्रत्येक हेल्परकडून वदवून घ्या.