न मिटणारी चित्रवही

ज्या घरांत पूर्वीं भिंतीवर चारदोन तसबिरी व ट्रंकेंत एखादा आल्बम एवढाच छायाचित्रांचा संसार असे, त्याच घरांत आज हजारों छायाचित्रें एका संगणकांत असतात. आजोबांचें अखेरचें चित्र, ताईच्या लग्नांतील चित्रें, शाळेच्या स्नेहसंमेलनाचीं चित्रें, सारीं एकाच ठिकाणीं. मग एके दिवशीं तीं दाखविणारा प्रोग्रॅम गोगलगायीच्या गतीनें चालूं लागतो, आणि बंद करूं गेलें तर बंदहि होत नाहीं. अशा वेळीं मुलें वायर ओढतात आणि वडील माणसें नवा संगणक घेण्याची भाषा बोलूं लागतात. दोन्ही गोष्टी घाईच्या होत.

आम्ही येथें उदाहरणादाखल अ‍ॅपल कंपनीच्या मॅक संगणकावरील 'फोटोज' हा प्रोग्रॅम घेतों. २००२ सालीं निघालेल्या 'आयफोटो'ची जागा त्यानें २०१५ सालीं घेतली. त्याचा संग्रह बाहेरून एकच फाईल दिसतो. वस्तुतः ती एक मोठी पेटी आहे. तींत मूळ छायाचित्रें निराळीं, त्यांच्या लहान प्रतिमा निराळ्या, आणि कोणतें चित्र कोठें आहे व कोणत्या दिवसाचें आहे हें सांगणारी नोंदवही निराळी. शाळेच्या ग्रंथालयांतील कपाटें व रजिस्टर मनांत आणावें. पुस्तक जागच्या जागीं असूनहि रजिस्टर बिघडलें तर तें सांपडत नाहीं. म्हणूनच त्या पेटींत हात घालून फाईली हलवूं नयेत.

आतां मंदपणा. दोष संग्रहाचा कीं यंत्राचा, हें प्रथम पाहावें. ऑप्शन कळ दाबून धरून फोटोज उघडला असतां दुसरा, रिकामा संग्रह निर्माण करतां येतो. त्यांत प्रोग्रॅम चपळ चालला तर दोष बहुधा जुन्या संग्रहांत. तेथेंहि रखडला तर यंत्रांत किंवा प्रोग्रॅमांत. पुष्कळदां मात्र तो दोष नसतोच. नवीं चित्रें भरल्यावर प्रोग्रॅमचे पडद्याआडचे मदतनीस चेहरे ओळखीत बसतात. 'अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर' उघडला तर 'फोटोअ‍ॅनॅलिसिसडी' हें नांव वर दिसतें. तसें असल्यास फोटोज बंद करून, विजेची जोडणी ठेवून, संगणक रात्रभर चालूं द्यावा.

संग्रह फिरत्या तबकडीच्या डिस्कवर असेल तर विद्यार्थ्यांनीं एक गणित करून पाहावें. मिनिटास ५४०० फेरे म्हणजे सेकंदास ९०. हवी ती जागा समोर येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. म्हणजे विखुरलेल्या जागा सेकंदास फार तर १८० वाचतां येतील, आणि वाचणारा दांडा हलण्याचा वेळ धरला तर शंभरहि नाहींत. फिरता भाग नसलेल्या एसएसडीस ही अडचण नाहीं. डिस्क तुडुंब भरली असेल तर कांहीं बोलावयासच नको.

बंद न होण्याचा प्रकार अधिक जपण्याचा. मिटण्यापूर्वीं प्रोग्रॅम नोंदवहींत शेवटच्या नोंदी लिहितो. एखादा मदतनीस काम संपवीत नसेल किंवा डिस्क उत्तर देत नसेल, तर तो दारांतच अडून राहतो. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरांत त्याचे आंकडे हलत असतील तर थांबावें. अर्ध्या तासांतहि कांहीं हललें नाहीं, तर ऑप्शन, कमांड व एस्केप या तीन कळा एकदम दाबून त्यास सक्तीनें बंद करावें. ही सक्ती वाटते तितकी घातक नाहीं. नोंदवही 'एस्क्यूलाइट' पद्धतीची आहे. ही पद्धत रिचर्ड हिप यांनीं २००० सालीं सुरू केली. तींत बदल प्रथम कच्च्या खर्ड्यांत लिहून मग पक्क्या वहींत उतरवितां येतात, आणि खर्ड्यांतील नोंद अर्धवट राहिली तर तेवढी टाकून दिली जाते. दुकानदाराची रोजकीर्द व खतावणी आठवावी. परंतु हें संरक्षण नोंदींचें. क्यामेऱ्याच्या कार्डावरून अर्धवट उतरलेल्या चित्रांस तें नाहीं. म्हणून चित्रें संग्रहांत डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज कार्ड पुसूं नये. लिहीत असलेल्या डिस्कची वायर ओढणें तर निव्वळ तोडफोड.

ऑप्शन व कमांड या दोन कळा धरून फोटोज उघडला असतां संग्रह दुरुस्त करण्याची सोय मिळते. पालकांस आमची आग्रहाची विनंति ही कीं, तत्पूर्वीं फोटोज बंद असतां सबंध संग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी. कारण दुरुस्ती नोंदवहीसच हात घालते. 'आयक्लाउडवर सर्व आहेच', असें पुष्कळ म्हणतात. पण येथें पुसलेलें चित्र तेथूनहि जातें, आणि पुसलेल्या चित्रांच्या कप्प्यांत तें सुमारें ३० दिवसच राहतें. शिवाय जागा वांचविण्याची निवड केलेली असेल, तर मूळ चित्रें संगणकावर नसून केवळ त्यांच्या लहान प्रतिमाच असूं शकतात. तीं आधीं उतरवून घ्यावीं, नाहींतर प्रत अपुरी होईल.

मोठ्या संग्रहाच्या दुरुस्तीस कित्येक तास लागूं शकतात. ती मध्यें थांबवूं नये. नंतरहि प्रतिमांचें व चेहऱ्यांचें काम पुन्हा चालूं शकतें, म्हणून एकदोन दिवस प्रोग्रॅम पूर्वीपेक्षांहि मंद वाटेल. तेवढ्यावरून दुसऱ्यांदां दुरुस्ती सुरू करूं नये.