निरंक

बार्शी, रविवार

चि. सोनू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "सलग चार नाइट मारायच्या आणि वर सुया टोचण्यावरच्या संशोधनाचा तो बारा पानी फॉर्म भरायचा? आमच्या वॉर्डात कुणीच भरत नाही." घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसले. आज लिहिते.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी इंजेक्शनच्या सुईला टोपण परत लावताना ती माझ्या तर्जनीत घुसली. नळाखाली बोट धरलं, पट्टी चिकटवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. सांगितलं असतं तर 'लक्ष कुठं होतं?' हेच ऐकावं लागलं असतं. बाकीच्या सिस्टरांचंही तेच. महिनाअखेर रजिस्टरात सुई टोचल्याच्या रकान्यात 'निरंक' लिहायचं. कित्येकदा मीच, छान वळणदार अक्षरात लिहिलंय. पुढे प्रत्येक वॉर्डाला सुया नष्ट करायचं यंत्र मागितलं, तर वरून शेरा आला, 'घटना निरंक, मागणीचे कारण काय?' त्या साहेबांचा मला फार राग आला होता. त्यातला निम्मा माझ्यावरच यायला हवा होता, हे कळायला निवृत्ती उजाडली.

या फॉर्मचंही तेच होणार बघ. जिथं काम हलकं, तिथल्या पोरी निवांत बसून तो भरतील. एका नाइटला चाळीस पेशंट सांभाळणारी भरणार नाही. मग अहवाल निघेल, सोलापुरात सिस्टरांचं सगळं आलबेल आहे. तो लिहिणारा खोटारडा नसेल हो. त्याच्यापर्यंत तू पोचलीच नसशील.

'संशोधन हे डॉक्टरांचं काम' असंही म्हणालीस. बार्शीच्या पोरीनं हे म्हणावं? देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी 1987 साली आपल्या गावात सुरू झाली. पेशंट दवाखान्यात यायची वाट न बघता माणसं गावोगाव फिरली. मग 1999 पासून नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा यांनी परदेशी संस्थेच्या साथीनं उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव म्हणायचं) गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायका! तपासण्या करणाऱ्या डॉक्टर नव्हेत, शिकवून तयार केलेल्या नर्सबाई होत्या. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले: एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे 34 मृत्यू, आणि तपासणी न झालेल्या जवळपास तेवढ्याच बायकांत 64. जगभर त्याचा दाखला देतात.

पण त्या दुसऱ्या गटातल्या 31,488 बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे बरीच टीका झाली. मला ती रास्त वाटते. म्हणून डोळे मिटून सही कर, असं मी म्हणणार नाही. संमतीपत्र आधी पूर्ण वाच. उत्तरं मेट्रनच्या हाती जाणार का, कागदावर नाव असेल की नुसता नंबर, मधूनच सोडलं तर ड्यूटीवर राग निघेल का, हे तोंडावर विचार. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत नर्सिंगचे कर्मचारी आणि विद्यार्थी यांना जास्त जपायच्या गटात धरलंय, कारण वरिष्ठांना 'नाही' म्हणणं त्यांना जड जातं. इन्चार्ज सिस्टरनं दम देऊन भरून घेतलेला फॉर्म मला कोऱ्या फॉर्मइतकाच निरुपयोगी वाटतो. समाधान नाही झालं तर खुशाल भरू नकोस. पण 'कोण भरणार' म्हणून नको सोडूस.

आणि फॉर्म म्हणजे उपचार नव्हे. सुई टोचली की तिथल्या तिथं साबण-पाण्यानं धुवायचं आणि लगेच कॅज्युअल्टी गाठायची. एचआयव्हीच्या प्रतिबंधाची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि पुढे 28 दिवस घ्यायची. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत ना तुझे? दादाला विचारलं तर तो नुसतं 'हो हो' म्हणतो.

पुढच्या सुट्टीला येशील तेव्हा फॉर्म घेऊन ये. शेंगाचटणी कुटून ठेवते, अंगणात बसून भरू. गेल्या वर्षभरात किती वेळा सुई टोचली, हा प्रश्न त्यात असणारच. दिवाळीत तुझ्या अंगठ्याला पट्टी होती, विळीवर कापलं म्हणालीस. सोनू, तू विळीला हात कधी लावलास गं?

तुझी,
आत्या