आजोबांचा मोटारप्रवास : घरातून वर्गात येणारा पाठ



‘वाहतुकीची साधने’ हा पाठ आपण सगळेच घेतो. मुलं बैलगाडीपासून विमानापर्यंतची नावं घडाघडा सांगतात. पण ‘पूर्वी घाट चढताना मोटार मध्येच का थांबवावी लागायची?’ असं विचारलं की वर्ग एकदम गप्प! याचं उत्तर पुस्तकापेक्षा घरात लवकर सापडतं. आजी-आजोबांनी तरुणपणी केलेले किंवा त्यांच्या वडिलांकडून ऐकलेले लांबचे प्रवास हेच या पाठाचं खरं साहित्य आहे.

आधी नकाशा काढा

आपल्या विठ्ठलवाडीतून बाहेर पडायचं म्हटलं की घाट आलाच. नाशिकला जाताना कसारा घाट, पुण्याला जाताना बोरघाट आणि मुरबाडवरून जुन्नर-नगरकडे जाताना माळशेज. मुलांना हे तिन्ही रस्ते नकाशावर रंगवायला सांगा. आजोबांची गोष्ट यातल्या कुठल्या रस्त्यावरची, हे त्यांनीच शोधायचं.

गोष्टीतलं विज्ञान

आजोबा सांगतात, “इंजिन तापायचं, मग गाडी थांबवून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं.” इथे ‘का?’ विचारायला शिकवा. चढावर इंजिनाला जोर जास्त लागतो, गाडीचा वेग मात्र कमी असतो, त्यामुळे वाराही कमी मिळतो. मग पाणी उकळायला लागतं. म्हणून गाडीत पाण्याचा डबा हवाच.

फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात बनत होती. तिची टाकी सीटखाली असे आणि पेट्रोल उतारानेच इंजिनाकडे वाहत जाई. टाकीत पेट्रोल कमी आणि चढ उभा असला की इंजिन टाकीपेक्षा वर जाई, पेट्रोल पोचत नसे. मग चालक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढवत! पाण्याची बाटली आणि नळी घेऊन हा प्रयोग वर्गात करा. नळीचं तोंड बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर धरलं की धार बंद. ‘पाणी उताराकडे वाहते’ हे वाक्य मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

मुलांनी विचारायचे प्रश्न

१. कुठून कुठे गेलात? किती वेळ लागला?
२. गाडी सुरू कशी करायचे? हँडल मारून का?
३. पंक्चर झालं तर काय करायचे?
४. वाटेत मदत कुणी केली?
५. सोबत खायला काय नेलं होतं?

एक काळजी घ्या

स्वतःची मोटार फार थोड्या घरांत होती. म्हणून ‘तुमच्या आजोबांची गाडी कोणती?’ असा प्रश्न नको. कुणाचे आजोबा ट्रकवर क्लीनर असतील, कुणी एसटीत कंडक्टर. राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, त्यानंतर कित्येकांचा लांबचा पहिला प्रवास लाल गाडीतूनच झाला. ती गोष्टही तितकीच मोलाची.

शेजारचं उल्हासनगर तर फाळणीनंतर लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलं. अशा घरातला प्रवास म्हणजे सहल नव्हती, घर सोडणं होतं. तिथे मुलांनी हळुवारपणे विचारावं. आजी बोलल्या तर ऐकावं, नाही बोलल्या तर आग्रह करू नये. हेही शिक्षणच आहे.

आताच का?

बोरघाटातला अमृतांजन पूल १८३० सालचा. २०२० च्या एप्रिलमध्ये तो पाडला. त्याचे फोटो तरी आहेत. आजोबांनी त्या पुलाखालून जाताना काय पाहिलं, हे मात्र फक्त त्यांनाच ठाऊक. पालकहो, येत्या रविवारी मुलाला वही-पेन्सिल देऊन आजोबांजवळ बसवा. आपण मध्ये बोलू नका. आजोबांचे शब्द जसेच्या तसे लिहू द्या, शुद्धलेखन नंतर पाहता येईल.