वारंवार होणारे मूत्रकृच्छ्र : सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांच्या संदर्भात

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. या दिवसांत लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून स्त्रिया धने-जिऱ्याचे किंवा सब्जाचे पाणी घेतात. परंतु हीच तक्रार पुन्हा पुन्हा उद्भवत असेल, तर केवळ उष्णता मानून ती सोडून देणे योग्य नव्हे. सहा महिन्यांत २ किंवा वर्षात ३ वेळा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाल्यास आधुनिक वैद्यक त्यास ‘वारंवार होणारा संसर्ग’ म्हणते.

हेतुविचार : चरकाचार्यांनी मूत्रवेगाचे धारण हे मूत्रवह स्रोतसाच्या दुष्टीचे कारण सांगितले आहे (विमानस्थान, अध्याय ५). वेगधारणाने बस्तिशूल व मूत्रकृच्छ्र उत्पन्न होतात, असेही सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात म्हटले आहे. विडी कामगार स्त्रीच्या दिनचर्येत हा हेतू रोजच घडतो. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. जागेवरून उठले की हात थांबतो. म्हणून ती पाणी बेताने पिते आणि वेग दाबून ठेवते. कुंभारी येथे २००६ साली विडी कामगारांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. हक्काचे घर मिळाले, तरी मजुरीचे गणित बदललेले नाही. अल्प जलपान व वेगधारण यांमुळे मूत्र बस्तीत अधिक काळ साचते आणि जंतूंना वाढीस अवसर मिळतो.

प्रश्नपरीक्षा : रुग्णा हे आपणहून सांगत नाही. सासू किंवा दीर सोबत असता तर नाहीच. तेव्हा तिला एकटीला, पूर्वभागातील असल्यास शक्य तर तेलुगूत, विचारावे : दिवसातून किती वेळा लघवीला जाता? पाणी किती पिता? मागील औषध पूर्ण घेतले होते का? मधुमेह, गर्भावस्था व रजोनिवृत्ती यांचीही चौकशी करावी.

चिकित्सा : निदानपरिवर्जन प्रथम. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या व वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी अधिक घेतले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा, तर इतर स्त्रियांना ३.२ वेळा त्रास झाला. ‘शंभर विड्या झाल्या की दोन घोट पाणी, वेग आला की उठायचे’ असा कामाला जोडलेला नियम रुग्णेच्या ध्यानात राहतो. हृद्रोग वा वृक्कविकार असल्यास मात्र पाण्याचे प्रमाण तज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरवावे. दोषावस्था पाहून तृणपंचमूळ क्वाथ, गोक्षुर, चंद्रप्रभा वटी यांची योजना करावी. पुनरावृत्ती असल्यास मूत्राचे कल्चर करून घ्यावे. प्रतिजैविके सुरू असल्यास ती मध्येच बंद करू देऊ नयेत. थंडी वाजून ताप, कुशीत वेदना, उलट्या, मूत्रात रक्त किंवा गर्भावस्था असल्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. वृक्कापर्यंत पोहोचलेला संसर्ग प्राणघातक ठरू शकतो.

हेतू कायम असता औषधाचा उपशम तात्पुरताच राहतो. म्हणून ‘उन्हाळी’ हा शब्द कानी पडताच ‘यापूर्वी कितीदा?’ हा प्रश्न आम्ही सर्व वैद्यांनी अगत्याने विचारावा.