वाफेचा चटका
कॉन्व्हेंटमध्ये 'लेटंट हीट' नुसतं पाठ केलं होतं. अर्थ कळला तो मेसमध्ये भाताच्या पातेल्याचं झाकण उचलताना हात भाजला तेव्हा! मराठीत तिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. पाणी उकळायला लागलं की तापमान १०० अंशांवरच थांबतं. मग गॅसची उष्णता जाते कुठे? रेणूंची एकमेकांवरची पकड सोडवण्यात. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. हातावर त्या वाफेचं पुन्हा पाणी झालं, की त्या सगळ्या कातडीला मिळतात! उकळतं पाणी ३७ अंशांपर्यंत निवताना ग्रॅममागे जेमतेम ६३ देतं. म्हणून मित्रांनो, झाकणाची पलीकडची कड आधी उचला. भाजलंच तर टूथपेस्ट नको. २० मिनिटं हात नळाखाली धरा.